विश्वामित्री आणि नदीविषयीचे काही समज

नदीतल्या जीवांचे अन्न नदीतच तयार होते, असे सर्रास मानले जाते. प्रत्यक्षात फिशर आणि लायकेन्स या संशोधकांनी १९७३ साली अमेरिकेतल्या बेअर ब्रुक या रानओढ्याच्या ऊर्जेचा जमाखर्च मांडला, तेव्हा ९९ टक्क्यांहून अधिक ऊर्जा बाहेरून, म्हणजे भोवतालच्या रानातून आणि प्रवाहाच्या वरच्या भागातून, येत असल्याचे आढळले. परिसंस्था स्वतःपुरती पूर्ण असते, ही कल्पना त्यामुळे डळमळली. पुढे २००१ मध्ये जपानमधल्या नाकानो आणि मुराकामी यांनी देवघेवीची दुसरी बाजूही मोजली: रानातले किडे माशांना पोसतात, आणि ओढ्यातून पंख फुटून निघालेले कीटक पाखरांना. बडोद्यात लहरीपुरा दरवाजाच्या पश्चिमेला, सूरसागर तलावाच्याही पलीकडे वाहणाऱ्या विश्वामित्रीची काठावरची झाडी तोडली, की सावलीबरोबर पाण्यातल्या जीवांचे अन्नही तुटते.

नदी घाण वाहून नेते, हा समज अधिक घातक. नदी ही नळी नव्हे. तिच्यातली पोषकद्रव्ये जिवाणू, शेवाळ, किडे यांच्या शरीरांतून फिरत, पुन्हा पाण्यात येत पुढे सरकतात. सांडपाणी वाढले, की ते कुजवणारे जिवाणूच पाण्यातला प्राणवायू संपवतात.

पुरात मगरी शहरात शिरतात, असेही म्हटले जाते. ऑगस्ट २०२४ च्या पुरात त्या वस्त्यांत दिसल्या, माणसांचे हाल झाले, हे खरेच. पण मगरी मुळात शहराच्या मधूनच वाहणाऱ्या या नदीत राहतात, मातीच्या काठात बिळे करतात. पूरमैदान हा नदीचाच भाग असून पूर तिथल्या जीवनाला गती देतो, असा सिद्धान्त युंक आणि सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये मांडला. विश्वामित्रीच्या काठच्या घळी, म्हणजे कोतरे, पुराचे पाणी सामावून घेतात. ती बुजवली, की तेच पाणी घरांत येते.

एका नदीचा नियम सर्व नद्यांना लागतो, हा समज अभ्यासकांनाही भुरळ घालतो. उगमापासून मुखापर्यंत जीवसृष्टी क्रमाने बदलत जाते, हा व्हॅनोट आणि सहकाऱ्यांचा १९८० चा सिद्धान्त समशीतोष्ण प्रदेशातल्या, रानातून वाहणाऱ्या नद्यांवर बेतलेला होता. धरण हा क्रम तोडते, असे वॉर्ड आणि स्टॅनफर्ड यांनी १९८३ मध्ये मांडले. पावागडच्या डोंगरात उगम पावणारी विश्वामित्री पावसाळी नदी आहे, आणि तिच्या खोऱ्यात बडोद्याचे महाराज सयाजीराव तिसरे यांच्या काळापासून बांध घालून केलेले आजव्याचे सरोवर आहे. इथला क्रम इथेच मोजावा लागतो.