महाविद्यालयीन नायक ते व्यावसायिक सहकारी : अमेरिकन बास्केटबॉलमधील भूमिकांतराचा अभ्यास

प्रस्तावना :

अमेरिकेतील उच्च शिक्षणात क्रीडेला लाभलेले स्थान आपल्याकडील आंतरविद्यापीठीय स्पर्धांच्या अनुभवावरून सहजासहजी ध्यानात येत नाही. तेथे महाविद्यालयीन बास्केटबॉल हा स्वतंत्र लोकाश्रय असलेला खेळ असून, मार्च महिन्यात सुरू होणारी राष्ट्रीय बाद स्पर्धा देशभर दूरचित्रवाणीवर पाहिली जाते. नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन अर्थात एनसीएए या संस्थेच्या प्रथम श्रेणीत साडेतीनशेहून अधिक शिक्षणसंस्थांचे पुरुष संघ खेळतात. याउलट नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन अर्थात एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये अवघे ३० संघ आहेत आणि प्रत्येक संघाला नियमित करारावर जास्तीत जास्त १५ खेळाडू ठेवता येतात. नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडप्रक्रियेला तेथे ड्राफ्ट म्हणतात. तिच्या दोन फेऱ्यांमध्ये नियमानुसार ६० जागा असतात व त्यांतील काही परदेशी खेळाडूंच्या वाट्याला जातात.

या विषम प्रमाणाची चर्चा पुष्कळ होते. तथापि जे थोडे खेळाडू आत प्रवेश मिळवतात त्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न अधिक विचार करण्याजोगा आहे. महाविद्यालयात ज्याच्याभोवती संपूर्ण संघाची रचना केलेली असते तो खेळाडू एनबीएमध्ये बहुधा आठवा किंवा नववा खेळाडू ठरतो. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा विचार पुरुषांच्या बास्केटबॉलपुरता केला आहे.

राल्फ लिंटन यांनी १९३६ मध्ये दर्जा आणि भूमिका यांत भेद केला. दर्जा म्हणजे व्यक्तीला समूहात मिळालेले स्थान, तर भूमिका म्हणजे त्या स्थानानुरूप तिने प्रत्यक्षात करावयाचे वर्तन. एनबीएमध्ये आलेल्या माजी महाविद्यालयीन खेळाडूचा दर्जा एका दिवसात बदलतो; भूमिका मात्र तितक्या लवकर बदलत नाही, कारण ती त्याच्या अंगवळणी पडलेली असते.

दोन व्यवस्था, दोन खेळ :

वरवर पाहता दोन्हीकडे खेळ एकच आहे. मैदानाची लांबी-रुंदी समान, बास्केटची उंचीही समान. परंतु महाविद्यालयीन सामना ४० मिनिटांचा, तर एनबीएचा ४८ मिनिटांचा असतो. महाविद्यालयीन संघ एका हंगामात साधारणतः ३० ते ४० सामने खेळतो. एनबीएचा नियमित हंगाम ८२ सामन्यांचा असतो. चेंडू ताब्यात आल्यावर बास्केटकडे फेकण्यासाठी महाविद्यालयात २०१५ पर्यंत ३५ सेकंद मिळत, त्यानंतर ती मर्यादा ३० सेकंदांवर आली. एनबीएमध्ये ती २४ सेकंद आहे. तीन गुणांची रेषा महाविद्यालयात २००८ पर्यंत १९ फूट ९ इंचांवर होती. एनबीएमध्ये ती समोरून २३ फूट ९ इंच व कोपऱ्यात २२ फूट आहे. बचावपटूने कोणाच्याही जवळ न राहता बास्केटखाली ठाण मांडून उभे राहण्यास महाविद्यालयात मुभा असते. एनबीएने २००१-०२ पासून त्यावर तीन सेकंदांची मर्यादा घातली.

याहून महत्त्वाचे कारण साध्या अंकगणितात आहे. पाच खेळाडू ४८ मिनिटे खेळतात, म्हणजे संघाजवळ वाटण्यासाठी २४० मिनिटे असतात. ती सामान्यतः नऊ-दहा जणांत विभागली जातात. चेंडू मात्र एकच असतो. तो हाती घेऊन आक्रमण रचण्याचे काम दोघा-तिघांकडे राहते आणि उरलेल्यांना चेंडूवाचून उपयोगी पडावे लागते. नेमकी हीच गोष्ट महाविद्यालयीन नायकाने शिकलेली नसते. त्याला ती शिकण्याची गरजच पडलेली नसते.

२००६ मधील दोन नायक :

२००५-०६ च्या हंगामात ड्यूक विद्यापीठाचा जे. जे. रेडिक आणि गोंझागा विद्यापीठाचा ॲडम मॉरिसन यांच्यातील चुरस देशभर गाजली. मॉरिसनने प्रतिसामना २८.१ गुण मिळवून देशात प्रथम क्रमांक पटकावला, तर रेडिकने २६.८ गुणांची सरासरी राखली. वर्षातील सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान काही संस्थांनी रेडिकला दिला, तर काहींनी दोघांत विभागून दिला. ड्राफ्टमध्ये मॉरिसनला शार्लट बॉबकॅट्सने तिसऱ्या क्रमांकावर निवडले आणि रेडिकला ओर्लँडो मॅजिकने अकराव्या.

मॉरिसनला त्याची जुनी भूमिका लगेच देण्यात आली. संघ दुबळा असल्याने चेंडू त्याच्या हाती भरपूर आला. पहिल्या हंगामात त्याने सरासरी ११.८ गुण मिळवले खरे. परंतु फेकलेल्या चेंडूंपैकी ३७.६ टक्केच बास्केटमध्ये गेले. ऑक्टोबर २००७ मध्ये गुडघ्याचा अस्थिबंध तुटल्याने त्याचा पुढील संपूर्ण हंगाम वाया गेला. २००९ मध्ये तो लॉस एंजेलिस लेकर्सकडे गेला व त्या संघाने २००९ आणि २०१० ची विजेतीपदे जिंकली, पण त्यांत त्याचा वाटा बाकावरचाच राहिला. या अपयशाचे सर्व खापर दुखापतीवर फोडणे योग्य होणार नाही, तसेच दुखापतीला वगळून त्याच्या क्षमतेविषयी निर्णय देणेही अन्यायाचे होईल.

रेडिकची सुरुवात याहून निराशाजनक होती. दुसऱ्या हंगामात तर तो ८२ पैकी निम्म्याहूनही कमी सामन्यांत मैदानावर उतरला. ड्यूकसाठी २,७६९ गुण मिळवणाऱ्या खेळाडूला बाकावर बसून राहावे लागले, कारण प्रतिस्पर्ध्यांसमोर त्याचा बचाव टिकत नव्हता. येथून पुढे त्याने जे केले ते या विषयाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. बचावात आपली जागा न सोडणे, अंगापिंडाने मोठ्या खेळाडूला योग्य दिशेने वळवणे अशी अनाकर्षक कामे त्याने आत्मसात केली. त्याची मूळ कला, म्हणजे दुरून अचूक चेंडू फेकणे, कायम राहिली. बदलली ती तिची वापरण्याची रीत. चेंडू हाती घेऊन स्वतः संधी निर्माण करण्याऐवजी तो सहकाऱ्यांच्या आडोशाने सतत धावू लागला. अशा खेळाडूला मोकळे सोडता येत नसल्याने एक, प्रसंगी दोन बचावपटू त्याच्यामागे खेचले जातात आणि इतरांना बास्केटकडे वाट मिळते. त्या धावण्याचा गुणफलकावर कोठेही उल्लेख नसतो. २०१५-१६ मध्ये त्याने तीन गुणांच्या फेकींत ४७.५ टक्के अचूकता राखून लीगमध्ये प्रथम स्थान मिळवले. प्रतिसामना १८.१ गुणांची त्याची सर्वोत्तम सरासरी तर २०१८-१९ मधील, म्हणजे चौतिशीतील आहे. १५ हंगामांनंतर २०२१ मध्ये तो निवृत्त झाला व २०२४ मध्ये लेकर्सचा मुख्य प्रशिक्षक झाला.

आकडेवारीत न दिसणारे काम :

ड्यूकचाच शेन बॅटिए हा याच प्रक्रियेचे अधिक टोकाचे उदाहरण होय. २००१ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद आणि सर्वोत्तम खेळाडूचा सन्मान असे दोन्ही मिळवून तो सहाव्या क्रमांकावर निवडला गेला. एनबीएतील त्याच्या संपूर्ण कारकिर्दीची सरासरी ८.६ गुण इतकीच आहे. मायकेल लुईस या लेखकाने २००९ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या साप्ताहिकात त्याच्यावर प्रदीर्घ लेख लिहिला, तो याच विसंगतीचा शोध घेणारा होता. ह्यूस्टन रॉकेट्सचे व्यवस्थापन बॅटिएला प्रतिस्पर्ध्याच्या सवयींचे तपशीलवार विश्लेषण पुरवीत असे : तो मैदानाच्या कोणत्या भागातून अचूक असतो, कोठून चुकतो. त्यानुसार कोबी ब्रायंटसारख्या खेळाडूला त्याच्या कमी फलदायी जागांकडे ढकलणे आणि चेंडू अडवण्याचा आटापिटा न करता त्याच्या डोळ्यांसमोर हात धरणे, हे बॅटिएचे काम होते. पुढे मायामी हीटच्या २०१२ व २०१३ च्या विजेत्या संघांत त्याचा समावेश होता. बॅटिएने स्वतःला लहान केले, असे कोणी म्हणेल. वस्तुतः त्याने एका अवघड कामाचे शास्त्र आत्मसात केले.

सर्वांनाच हे जमते किंवा रुचते असे नाही. ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा जिमर फ्रेडेट २०१०-११ मध्ये २८.९ गुणांच्या सरासरीने देशात पहिला आला व ड्राफ्टमध्ये दहावा निवडला गेला. सॅक्रामेंटो किंग्जमध्ये आणि त्यानंतर इतर संघांतही त्याला स्थिर स्थान मिळाले नाही. परंतु चीनमधील शांघाय शार्क्स संघात तो पुन्हा पहिल्या क्रमांकाचा आक्रमक झाला आणि तेथे अत्यंत लोकप्रिय ठरला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तो तीन विरुद्ध तीन या प्रकारात अमेरिकेकडून खेळला. भूमिका बदलण्याऐवजी जुनी भूमिका उपलब्ध असलेली जागा शोधणे, हाही एक मार्गच आहे. त्याला सरसकट अपयश म्हणण्याची क्रीडासमीक्षेची सवय एनबीएकेंद्री वाटते.

भूमिकेमागील करार :

संघासाठी आपली भूमिका स्वीकारणे हा अमेरिकन क्रीडापत्रकारितेतील मोठा सद्गुण मानला जातो. या स्वीकारामागे आर्थिक रचना आहे, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतील खेळाडूचे वेतन ठरलेल्या श्रेणीनुसार असते. त्याची पहिली दोन वर्षे हमीची आणि पुढील दोन वर्षे संघाच्या मर्जीची असतात. दुसऱ्या फेरीत तेवढीही हमी नसते. दोन वर्षांत उपयुक्तता सिद्ध करावयाची असल्यास तरुण खेळाडू प्रशिक्षकाने सांगितलेले काम नाकारील, ही अपेक्षाच व्यर्थ होय.

नेमून दिलेली भूमिका म्हणजे क्षमतेवरील अंतिम निकाल नव्हे, हे जेलन ब्रन्सनच्या उदाहरणावरून दिसते. व्हिलानोव्हा विद्यापीठाला २०१६ व २०१८ मध्ये विजेतेपद मिळाले तेव्हा तो त्या संघात होता आणि २०१८ चा सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूही तोच होता. तरीही उंची कमी आणि वय तुलनेने अधिक असल्याने तो ३३ व्या क्रमांकापर्यंत मागे राहिला. डॅलस मॅव्हरिक्समध्ये लुका डॉन्चिचच्या सावलीत त्याने सुरुवातीचे हंगाम प्रामुख्याने राखीव खेळाडू म्हणून काढले. २०२२ मध्ये तो न्यूयॉर्क निक्सकडे गेला, तेथे संघाची धुरा त्याच्याकडे आली आणि २०२४ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या दुसऱ्या संघात त्याची निवड झाली. चार वर्षे डॅलसमध्ये जे दिसले नाही ते न्यूयॉर्कमध्ये दिसले, यात खेळाडूच्या प्रगतीचा वाटा किती आणि बदललेल्या संधीचा किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

२०२१ पासून महाविद्यालयीन खेळाडूंना स्वतःचे नाव व प्रतिमा यांच्या व्यापारी वापरातून कमाई करता येऊ लागली आणि २०२५ मधील न्यायालयीन तडजोडीनंतर शिक्षणसंस्थांना त्यांना थेट मोबदला देण्याची मुभा मिळाली. दुसरीकडे, एनबीए संघ व तिची दुय्यम जी लीग यांमध्ये विभागलेल्या दुहेरी कराराचे वेतन नवोदिताच्या किमान वेतनाच्या निम्मे असते. महाविद्यालयात नायक राहून त्याहून अधिक मिळकत होत असल्यास आणखी एक वर्ष तेथेच थांबण्याचा निर्णय काही खेळाडू घेऊ लागले आहेत. ते व्यावसायिक लीगमध्ये येतील तेव्हा त्यांचे वय अधिक असेल, नायकपदाची सवयही अधिक जुनी असेल आणि बाकावरची वाट पाहण्यासाठी उरलेली वर्षे मात्र कमी असतील.