वखारीचे दार आतून उघडते का?

३ एप्रिल २०२४ ची पहाट. छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागातील दाणा बाजारात शिवणकामाच्या एका दुकानाला आग लागली. दुकान तळमजल्यावर होते आणि त्याच्या वर माणसे राहत होती. धूर वर चढला आणि झोपेत असलेल्या एकाच कुटुंबातील ७ जणांचे प्राण गेले. त्यांत दोन लहान मुले होती. आगीच्या ज्वाळा त्यांच्या मजल्यापर्यंत पोहोचल्याच नव्हत्या. मृत्यू गुदमरून झाले, असे पोलिसांच्या प्राथमिक तपासात समोर आले.

त्यापूर्वी जेमतेम तीन महिने, ३१ डिसेंबर २०२३ रोजी मध्यरात्र उलटून गेल्यावर वाळूज औद्योगिक वसाहतीत हातमोजे तयार करणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. आत झोपलेल्या कामगारांपैकी काही जण निसटले. ६ जण आतच राहिले.

यांपैकी एक दुकान होते, दुसरा कारखाना. तरीही वखार बाळगणाऱ्या प्रत्येक व्यापारी घराने या दोन घटनांकडे आपल्या घरातील घटना म्हणून पाहावे, असे त्यांत काही आहे. दोन्ही ठिकाणी चटकन पेट घेणारा माल भरलेला होता, दोन्ही ठिकाणी त्याच छताखाली माणसे झोपलेली होती आणि दोन्ही ठिकाणी वेळेवर बाहेर पडणे त्यांना साधले नाही.

खाली दुकान, मागे वखार, वर घर

गुलमंडी, शहागंज, राजाबाजार, जुना मोंढा या जुन्या पेठांत व्यापारी कुटुंबांची घरे पिढ्यान्‌पिढ्या एका ठराविक पद्धतीने बांधली गेली. रस्त्याच्या बाजूला पेढी, मागे वखार, वर राहते घर. मालावर नजर राहावी, भाडे वाचावे, रात्री-अपरात्री गाडी आली तर उतरवून घेता यावी, ही त्यामागची कारणे रास्तच होती. चोराच्या भीतीने खिडक्यांना गज बसले, मागचे दार कायमचे बंद झाले, पुढे लोखंडी शटर आले.

दरम्यान माल मात्र बदलला. एकेकाळी धान्य, गूळ आणि सुती कापड यांनी भरणाऱ्या खोल्यांत आज कृत्रिम धाग्याचे कापड, फोम, प्लास्टिक, रंग, थिनर, अत्तरे आणि विजेची उपकरणे असतात. हा माल वेगाने पेटतो आणि त्याचा धूर अधिक विषारी असतो. त्या धुरातील कार्बन मोनॉक्साईडला वास नाही. झोपलेला माणूस जागा होण्यापूर्वीच बेशुद्ध होतो. जिन्याखाली चार्जिंगला लावलेली विजेची दुचाकी ही या जुन्या रचनेत पडलेली नवी भर. जिना हीच बाहेर पडण्याची एकमेव वाट असेल, तर त्याच वाटेवर आगीचे संभाव्य मूळ ठेवण्यासारखे ते आहे.

घर आणि वखार वेगळी करणे शक्य असेल तर तोच उत्तम उपाय. ते शक्य नसलेल्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. वखार आणि जिना यांच्यामध्ये पक्की भिंत व आपोआप मिटणारे दार असावे. घरातून गच्चीवर किंवा शेजारच्या गच्चीवर जाण्याची दुसरी वाट मोकळी असावी. एका तरी खिडकीचा गज आतून उघडता यावा. धुराची सूचना देणारे छोटे यंत्र दिवाळीच्या मिठाईच्या एका मोठ्या डब्याहून फारसे महाग नसते.

पेवाची शिकवण

साठवणीचा धोका मराठी मुलखाला नवा नाही. जमिनीखालच्या पेवात ज्वारी वर्षानुवर्षे टिकत असे, कारण बंद पेवातील प्राणवायू संपून किडीला जगणे अशक्य होई. परंतु तीच हवा माणसालाही मारक असे. म्हणून जाणती माणसे पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नसत. ते वारा खाऊ देत, दिवा खाली सोडून तो जळतो की विझतो हे पाहत आणि मगच दोर धरून उतरत. ही खबरदारी न घेता उतरलेले आणि त्यांना वाचवायला पाठोपाठ उतरलेले, दोघेही दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. मालाला जे राखते तेच माणसाला मारू शकते, हे त्या पिढीने नीट ओळखले होते. आजच्या वखारीलाही तोच नियम लागू आहे.

याचे जवळचे उदाहरण म्हणजे धान्यातील कीड. ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायू माणसासाठी अत्यंत घातक असतो आणि तो फटींतून शेजारच्या खोलीत सहज शिरतो. वर किंवा शेजारी माणसे राहत असलेल्या वखारीत या गोळ्या कदापि वापरू नयेत. अन्यत्रही हे काम परवानाधारकाचेच आहे. मुनिमाने किंवा हमालाने उरकण्याचे नव्हे. अहिंसेचा विचार करणाऱ्या घराला तर कीड पडल्यावर मारण्यापेक्षा ती पडूच न देणे अधिक रुचेल आणि व्यवहारातही तेच स्वस्त पडते. माल पुरता वाळलेला घ्यावा; सोयाबीनमध्ये १२ टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा असेल तर तो बुरशीला आमंत्रण देतो. नवी आवक येण्यापूर्वी कोपरे व फटी झाडून घ्याव्यात, जुना बारदाना नव्या मालाजवळ ठेवू नये, थप्पी लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हात-दीड हात सोडून लावावी. भिंतीची ओल, उंदरांचा वावर आणि छताची गळती या तिन्ही गोष्टी त्या मोकळ्या पट्ट्यातूनच दिसतात.

शेजार कोणाचा?

१४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाईन’ या जहाजाला आग लागली. एकाच जहाजात कापसाच्या गाठी, लाकूड, तेलाची पिंपे आणि सुमारे १,४०० टन स्फोटके भरलेली होती. कापूस धुमसू लागला आणि दुपारी चारनंतर जहाजाचे दोन प्रचंड स्फोट झाले. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली, गोदीभोवतालच्या वखारी जळून गेल्या. कर्तव्य बजावताना बळी गेलेल्या अग्निशमन जवानांच्या स्मरणार्थ देशभर १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन पाळला जातो. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुतच्या बंदरात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या २,७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट होऊन दोनशेहून अधिक माणसे मरण पावली. माल तेथे आहे हे कागदोपत्री अनेकांना ठाऊक होते. तो हलवण्याची जबाबदारी मात्र कोणी शेवटास नेली नाही.

या दोन घटनांचा आकार अवाढव्य आहे, पण धडा लहान वखारीलाही लागू पडतो. कोणता माल कोणाच्या शेजारी ठेवला आहे, हे मालकाला ठाऊक असले पाहिजे. थिनर कापडाजवळ नको, ब्लीचिंग पावडर तेलाजवळ नको, काडेपेट्या कशाच्याही जवळ नकोत. छत्रपती संभाजीनगरकर २९ ऑक्टोबर २०१६ विसरलेले नाहीत. दिवाळीच्या ऐन तोंडावर जिल्हा परिषदेच्या मैदानावरील फटाका बाजार पेटला आणि शंभराहून अधिक दुकाने पाहता पाहता भस्मसात झाली. दुकाने एकमेकांना खेटून होती. एकाचे संकट सर्वांचे झाले.

थप्पी, वाट आणि वीज

वखारीतील अपघात नेहमी आगीचेच नसतात. थप्पी कोसळून हमाल दाबला जाणे हा अधिक नित्याचा प्रकार. प्रत्येक थरात गोण्यांची दिशा बदलली म्हणजे थप्पी स्वतःला बांधून घेते. माल काढताना वरून, पायऱ्या पाडत काढावा. घाईत मधली गोणी ओढली की अख्खी रांग खाली येते. दोन थप्प्यांमधील वाट दारापर्यंत सरळ असावी, आणि “आजच्या दिवसापुरता” म्हणूनही तीत माल उतरवू नये.

विजेचा मुख्य खटका वखारीच्या बाहेर असावा आणि दुकान बंद करताना तो पाडण्याची जबाबदारी एकाच ठराविक व्यक्तीकडे असावी. दिवे थप्पीवर नव्हे, वाटेवर असावेत. लोंबकळणारी, जोड दिलेली वायर त्याच दिवशी बदलावी.

अग्निशामक नळकांडे दाराजवळ, हाताला येईल असे असावे. खीळ ओढणे, नळी ज्वाळेच्या बुडाशी रोखणे, मूठ दाबणे आणि फवारा दोन्ही बाजूंना फिरवणे, एवढे प्रत्येक नोकराने एकदा तरी स्वतःच्या हाताने केलेले असावे. कापूस व कापडाच्या गाठींबाबत एक ध्यानात ठेवावे: पावडरने ज्वाळा विझते, पण गाठीच्या पोटातील निखारा तसाच राहतो. अशी गाठ पाण्याने भिजवून बाहेर उघड्यावर काढावी लागते. धूर खोलीत भरू लागला असेल तर विझवण्याच्या फंदात न पडता माणसे बाहेर काढावीत आणि १०१ किंवा ११२ वर दूरध्वनी करावा.

हमालाची पाठ

श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत ‘अतिभारारोपण’ मोजले आहे. शक्तीबाहेर ओझे लादणे, हा त्याचा सरळ अर्थ. त्या काळी दृष्टीसमोर बैल असेल. आज हमालाची पाठही त्यात येते. एकेकाळी महाराष्ट्रातील बाजारपेठांत क्विंटलभराची पोती पाठीवर वाहिली जात. हमालांच्या संघटनांनी त्याविरुद्ध दीर्घ लढा दिला आणि आज ५० किलोची गोणी रूढ झाली आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलो ही कमाल मर्यादा सुचवली होती. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला, तो देशात अग्रणी मानला जातो.

ओझे कमी केल्याने काम मंदावत नाही. हातगाडी, पॅलेट ट्रॉली आणि गाडीच्या उंचीचा धक्का एवढ्या तीन गोष्टींनी गाडी लवकर रिकामी होते, गोण्या कमी फाटतात आणि घट कमी येते. रात्री राखणीला ठेवलेल्या माणसाला आत ठेवून बाहेरून कुलूप लावण्याची पद्धत मात्र तत्काळ बंद झाली पाहिजे. ‘बंध’ हाही त्याच अतिचारांपैकी एक आहे.

पडून राहिलेला माल

सुरक्षितता आणि कार्यक्षमता यांना परस्परविरोधी मानणे ही चूक होय. वखारीतील गर्दीचे मूळ बहुधा न खपणाऱ्या मालात असते. १ कोटी रुपयांचा माल १२ टक्के व्याजाने पडून असेल, तर दरमहा १ लाख रुपये नुसते व्याजात जातात. वर तोच माल वाट अडवतो आणि आगीला इंधन होतो. रोज खपणारा माल दाराजवळ, क्वचित लागणारा मागे, आणि आधी मुदत संपणारा माल आधी बाहेर, एवढी शिस्त पाळली तरी बरीच जागा मोकळी होते. प्रत्येक थप्पीला क्रमांक आणि त्या क्रमांकाची वहीत किंवा संगणकात नोंद असली, म्हणजे मुनीम रजेवर असतानाही माल सापडतो. वर्षातून एकदाच सारी मोजदाद करण्यापेक्षा दर आठवड्याला एक कोपरा मोजावा. तूट लवकर कळते आणि संशयाने नोकराचे मन दुखावण्याची वेळ येत नाही.

कागदही जळतो

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार ही व्यवस्था चालू स्थितीत ठेवण्याचे दायित्व मालकाचे किंवा भोगवटादाराचे आहे. परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून तिचे प्रमाणपत्र जानेवारी आणि जुलैमध्ये सादर करावे लागते. जागा भाड्याची आहे, ही सबब तेथे चालत नाही.

विम्याविषयीही एक गैरसमज दूर व्हावा. माल १ कोटीचा आणि विमा ६० लाखांचा असेल, तर २० लाखांच्या नुकसानीवर सरासरीच्या अटीने १२ लाखच हाती येऊ शकतात. हप्त्यात केलेली काटकसर नेमकी गरजेच्या दिवशी उलटते. सणासुदीला साठा वाढला, माल दुसऱ्या वखारीत हलवला, तर विमा कंपनीला तसे लेखी कळवावे. आणि साठ्याच्या नोंदींची एक प्रत वखारीबाहेर ठेवावी. मालाबरोबर वहीही जळाली तर काय होते आणि किती होते, हे सिद्ध करणे कठीण जाते.

एका रात्रीची परीक्षा

या सर्व उपायांची परीक्षा घेण्यास तज्ज्ञ बोलवावा लागत नाही. एखाद्या रात्री जेवणे झाल्यावर घरातील सर्व दिवे बंद करावेत. आजीला हात द्यावा, धाकट्याला कडेवर घ्यावे आणि वरच्या मजल्यावरून रस्त्यावर किंवा शेजारच्या गच्चीवर पोहोचावे. किल्ली शोधावी लागली का? वाटेत खोके लागले का? शटर आतून उचलता आले का? मागच्या दाराची कडी गंजलेली निघाली का?

जे अडले, ते दुसऱ्या दिवशी दुकान उघडण्यापूर्वी दुरुस्त करावे. दिवाळीत वहीपूजनाच्या वेळी नव्या वहीचे पहिले पान लिहिले जाते. त्या वेळी वखारीच्या दाराची किल्ली कोणाकडे, मुख्य खटका कोणाकडे आणि आजीला खाली आणण्याची जबाबदारी कोणाकडे, या तीन नोंदीही त्याच वहीत असाव्यात.