आधी बॅटरी मोजा

निन्टेन्डो ही जपानी कंपनी आपल्या गेमच्या यंत्रात कोणती चिप बसवली आणि ती किती वेगानं चालते, हे सांगत नाही. खोक्यावर छापत नाही, माहितीपत्रकात लिहीत नाही. ‘एनव्हिडियानं खास बनवलेला प्रोसेसर’ एवढ्यावर विषय मिटतो. मग नवं यंत्र बाजारात यायच्या दोन-तीन वर्षं आधीपासून जगभरचे पोट्टे त्याच्या पोटात काय असेल यावर भांडत बसतात. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारा माझा भाचा त्यातलाच. रात्री उशिरा त्याचा फोन आला की समजायचं, कुठून तरी नवा आकडा फुटला. “मामा, दीड हजार कोअर म्हणून राहिले सगळे. खरं असंल का?”

माझं भिवापूरला मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीचं दुकान आहे, उमरेडहून नागभीडकडे जाणाऱ्या रस्त्याला. गाव ओळखलं जातं मिरचीसाठी. भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे, गेमच्या यंत्राशी गावाचा काडीचा संबंध नाही. पण बोर्ड म्हणजे शेवटी बोर्डच. आमच्याकडे सातऱ्यावर, म्हणजे मिरची निवडायच्या आवारात, ढीग पडला की नवखा माणूस रंग बघतो. जुना व्यापारी मूठभर उचलून ओलावा बघतो, कारण वजन ओलाव्यावर ठरतं. हातात धरायच्या यंत्राचा ओलावा म्हणजे त्याची बॅटरी. या सगळ्या अंदाजबाजीत माझं म्हणणं एवढंच: चिपचं नाव शोधायच्या आधी बॅटरी मोजा.

निन्टेन्डोचं स्विच हे दुहेरी यंत्र आहे. हातात धरलं तर ६.२ इंची पडद्यावर खेळायचं, घरी आलं की डॉकमध्ये खुपसून टीव्हीवर. ते ३ मार्च २०१७ला आलं. हातातल्या पडद्यावर १२८० गुणिले ७२० ठिपके, म्हणजे ९ लाख २१ हजार ६००. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचं म्हटलं तर साडेपाच कोटी ठिपक्यांचा रंग दर सेकंदाला ठरवायचा. प्रत्येक ठिपक्यामागे प्रकाश कुठून येतो, भिंत कोणत्या रंगाची, तिच्या पुढे झाड आहे का, असा हिशेब. टीव्हीच्या १०८० रेषांच्या चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात, फोर-के टीव्हीवर जवळपास ८३ लाख. हा हिशेब करणारा भाग म्हणजे ग्राफिक्स चिप. तिच्यात छोटे छोटे गणक शेकड्यानं असतात, त्यांना कोअर म्हणतात. ताकद काढायचा गुणाकार सोपा आहे: कोअरची संख्या, गुणिले घड्याळाचा वेग, गुणिले दोन. वेग म्हणजे सेकंदाला किती ठोके पडतात ते. दोन यासाठी की एका ठोक्यात गुणाकार आणि बेरीज दोन्ही होतात.

आता जुनी गोष्ट. मार्च २०१५मध्ये निन्टेन्डोचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनी ‘एनएक्स’ या सांकेतिक नावाच्या नव्या यंत्राचा उल्लेख केला. तपशील काही दिला नाही, आणि त्याच वर्षी जुलैत ते वारले. मागचं यंत्र वी-यू साफ पडलं होतं, म्हणून उत्सुकता जास्त. गेमक्यूब, वी आणि वी-यू, तिन्हींची ग्राफिक्स एटीआय-एएमडी या चिपवाल्या घराण्याची. प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन यांच्यातही एएमडीच. त्यामुळे बहुतेक जाणकारांनी एएमडीवर पैज लावली. कुणी म्हणे प्लेस्टेशनच्या बरोबरीचं येणार, कुणी म्हणे त्याच्याही पुढचं.

२६ जुलै २०१६ला ब्रिटनच्या युरोगेमर या संकेतस्थळानं बातमी दिली की हे यंत्र हातात धरायचं आहे, दोन्ही बाजूंची कंट्रोलं निघतात, आणि आत एनव्हिडियाची टेग्रा चिप आहे. गेम बनवणाऱ्यांकडे गेलेल्या नमुन्यांत टेग्रा एक्स-१ होती. ही चिप २०१५च्या जानेवारीतच जाहीर झालेली, एनव्हिडियाच्या शील्ड नावाच्या टीव्ही-बॉक्समध्ये बसून विकलीही जात होती. लोकांना हे पचेना. दीड-दोन वर्षं जुनी चिप नव्या यंत्रात कशी घालतील? नमुन्यात असेल, पण दुकानात येणाऱ्या मालात तिची पुढची पिढी असणार, पार्कर म्हणजेच टेग्रा एक्स-२. ऑक्टोबरात यंत्राचं ‘स्विच’ हे नाव आणि रूप जाहीर झालं, एनव्हिडियानं ‘खास बनवलेली टेग्रा’ असं लिहिलं, आणि या आशेला खतपाणी मिळालं.

गंमत अशी की एक्स-२ मध्येही कोअर २५६च होते. फरक प्रामुख्यानं चिप घडवण्याच्या पद्धतीत: एक्स-१ ही २० नॅनोमीटरची, एक्स-२ ही १६ची. नॅनोमीटरचा आकडा जितका लहान तितकी तेवढ्याच कामाला वीज कमी लागते, असं ढोबळ समजा. म्हणजे भांडण चाललं होतं ताकदीच्या नावानं, पण खरा मुद्दा विजेचा होता.

मग १९ डिसेंबर २०१६ला वेगाचे आकडे बाहेर आले आणि अनेकांचे चेहरे पडले. डॉकमध्ये ७६८ मेगाहर्ट्‌झ, हातात धरल्यावर ३०७.२. एक्स-१चा पूर्ण वेग १००० मेगाहर्ट्‌झच्या घरात. करा गुणाकार: टीव्हीला जोडल्यावर सेकंदाला ३९३ अब्ज क्रिया, हातात असताना १५७ अब्ज. एनव्हिडियाच्या जाहिरातीत या चिपला ‘एक टेराफ्लॉप’ म्हटलं होतं, म्हणजे हजार अब्ज. तो आकडा निम्म्या लांबीच्या संख्यांवर काढलेला होता. नेहमीच्या हिशेबानं पूर्ण वेगालाही ५१२ अब्जच भरतात. जाहिरातीतले आकडे असेच वाचायचे असतात.

हातात धरल्यावर वेग निम्म्याहून कमी का? इथं माझी बॅटरी येते. पहिल्या स्विचची बॅटरी ४३१० एमएएच, ३.७ व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार १६ वॉट-तास. कंपनी म्हणते गेमनुसार अडीच ते साडेसहा तास चालेल. सोळाला अडीचनं भागा, ६.४ वॉट. सगळ्यात जड गेम चालू असताना पडदा, रॅम, वायफाय, स्पीकर, पंखा आणि चिप या सगळ्यांनी मिळून ६.४ वॉटमध्ये भागवायचं. आपल्या घरातला साधा एलईडी बल्ब नऊ वॉटचा असतो. त्यातून पडद्याचा वाटा वजा करा, आणि मग सांगा चिपच्या वाट्याला काय उरतं.

दुसरी बाजू व्होल्टेजची. चिपचा वेग वाढवायचा तर तिला व्होल्टेजही वाढवून द्यावं लागतं, आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गानं वाढतो. म्हणून वेग दुप्पट केला तर खप दुपटीवर थांबत नाही. उलट वेग थोडा उतरवला की खप पुष्कळ उतरतो. अभियंत्यांनी तेच केलं. हातातला पडदा ७२० रेषांचा, ठिपके टीव्हीपेक्षा निम्म्याहून कमी, म्हणून कमी ताकदीत चित्र नीटच दिसतं.

यंत्र विकायला आल्यावर लोकांनी ते उघडलं. भाच्यानं पुण्यात बाहेरदेशातून आलेला एक जुना स्विच घेतला होता. निन्टेन्डोनं तो भारतात अधिकृतपणे कधी आणलाच नाही. दिवाळीत मीही तो उघडून बघितला. मागचे स्क्रू तीन पाकळ्यांचे, साध्या पेचकसानं निघत नाहीत. आत पत्र्याचं झाकण, त्याखाली थर्मल पेस्ट, तांब्याची चपटी नळी, आणि चिपवर छाप ‘ओडीएनएक्स०२’. या नावावरून काही कळत नाही. ज्यांनी चिपचं आवरण उतरवून सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले, त्यांना आत तीच जुनी एक्स-१ दिसली. आणि ही ‘शिळी’ चिप घातलेलं यंत्र पंधरा कोटींच्या वर खपलं.

निन्टेन्डोला ओळखणाऱ्याला याचं नवल वाटू नये. १९८९मध्ये गनपेई योकोई यांनी गेम बॉय आणला तेव्हाही पडदा हिरवट, बिनरंगाचा आणि बिनउजेडाचा होता, प्रोसेसर जुन्या घराण्यातला. पुढच्या वर्षी प्रतिस्पर्धी सेगानं गेम गिअर आणला, रंगीत आणि मागून उजेड असलेला. त्याला सहा पेन्सिल सेल लागत आणि ते काही तासांत झोपत. गेम बॉय चार सेलवर कितीतरी जास्त वेळ चाले. बाजार कुणी मारला हे सगळ्यांना ठाऊक आहे.

आता स्विच-२. यावेळी अंदाजबाजांच्या हाती माल चांगला होता. २०२१च्या मार्चमध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेनं बातमी दिली की फोर-के चित्र देणारा स्विच येतोय. जुलैत जो जाहीर झाला तो पडदा बदललेला ओएलईडी स्विच, आत चिप तीच. त्याच सुमारास पुढच्या चिपचं ‘टी-२३९’ हे नाव फुटलं. फेब्रुवारी २०२२मध्ये लॅप्सस या हॅकर टोळीनं एनव्हिडियाच्या संगणकांत घुसून माहिती चोरली, त्यात या चिपच्या ग्राफिक्सचं वर्णन निघालं: अँपिअर पिढी, १२ गट, प्रत्येकी १२८, एकूण १५३६ कोअर. चोरीच्या मालावर विश्वास ठेवू नये हे बरोबर; पण त्याच वर्षी एनव्हिडियाच्याच अभियंत्यांनी लिनक्ससाठी उघडपणे दिलेल्या प्रोग्राममध्ये टी-२३९ला आठ प्रोसेसर कोअर असल्याचं लिहिलेलं सापडलं. एवढं जुळल्यावर नावाचा वाद संपायला हवा होता.

तो संपला नाही, आणि पुढचा वाद मला खरोखर आवडला. एक बाजू म्हणे, १५३६ कोअर सॅमसंगच्या ८ नॅनोमीटर पद्धतीनं घडवले तर हातातल्या बॅटरीला ते झेपणारच नाहीत, म्हणून चिप नव्या, लहान नॅनोमीटरचीच असणार. दुसरी बाजू म्हणे, अँपिअर घराणं ८ नॅनोमीटरवरच वाढलेलं, ते हलवायला खर्च कोण करेल? चला, पोट्टे शेवटी बॅटरीपाशी आले! माझा कल दुसऱ्या बाजूला होता. मोठी चिप हळू चालवणं हा विजेच्या बाबतीत लहान चिप जोरात पळवण्यापेक्षा फायद्याचा सौदा असतो. जानेवारी २०२५मध्ये बोर्डाचे फोटो फुटले तेव्हा एकानं शेजारच्या रॅमच्या ठरलेल्या मापावरून चिपचं क्षेत्रफळ काढलं, २०० चौरस मिलिमीटरच्या आसपास. एवढी मोठी चिप ८ नॅनोमीटरच्या बाजूनंच बोलत होती.

यंत्र ५ जून २०२५ला आलं आणि चार दिवसांत ३५ लाख खपलं. आत टी-२३९, १५३६ कोअर, १२ जीबी रॅम, डॉकमध्ये वेग १००७ मेगाहर्ट्‌झ, हातात ५६१. ताकद टीव्हीवर तीन टेराफ्लॉपच्या आसपास, हातात १.७. चिप उघडून बघणाऱ्यांना घडण सॅमसंगच्या ८ नॅनोमीटरचीच सापडली. बॅटरी ५२२० एमएएच, सुमारे २० वॉट-तास, चालते दोन ते साडेसहा तास. वीस भागिले दोन, दहा वॉट. आठ वर्षांत ताकद कुठल्या कुठे गेली, पण जेवणाचं ताट साडेसहा वॉटवरून दहावर आलं, बस्स.

एनव्हिडिया म्हणते ग्राफिक्स दहापट झालं. माझ्या गुणाकारानं टीव्हीवर आठपट भरते. दोन पिढ्यांच्या चिपांचे आकडे सरळ तोलता येत नाहीत, तरी बाकीचं श्रेय मी डीएलएसएस या तंत्राला देतो. यात चिप मुद्दाम लहान चित्र काढते आणि आधीच शिकवून ठेवलेली यंत्रणा ते मोठं करून बारकावे भरते. त्यासाठी टेन्सर कोअर नावाचे वेगळे गणक आत आहेत. विजेच्या दृष्टीनं मला ही या यंत्रातली सगळ्यात हुशार गोष्ट वाटते: ८३ लाख ठिपके कष्टानं काढण्यापेक्षा वीस लाख काढून उरलेले भरून घ्यायचे.

उष्णतेचं तेवढं राहिलं. खाल्लेली प्रत्येक वॉट शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. नव्या डॉकमध्ये म्हणूनच वेगळा पंखा दिलाय. पहिल्या स्विचसोबतची सूचना म्हणते, हे यंत्र ५ ते ३५ अंश तापमानात वापरा. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ला टेकतो. दुपारी कूलर बंद पडला तर माझं दुकानच कंपनीच्या नियमाबाहेर जातं. विदर्भातल्या पोरांनी उन्हाळ्यात जड गेम संध्याकाळनंतर खेळावा, आणि चार्जिंगला लावून उशीवर ठेवू नये.

भाचा आता विचारतो, स्विच-२ आत्ताच घेऊ का? मी त्याला २०१९ आठवून दिलं. त्या वर्षी ऑगस्टमध्ये निन्टेन्डोनं गाजावाजा न करता एक्स-१ चिप १६ नॅनोमीटरवर नेली. वेग तोच, बॅटरी तीच ४३१० एमएएच, पण चालायचा वेळ अडीच ते साडेसहावरून साडेचार ते नऊ तासांवर गेला. ८ नॅनोमीटरच्या टी-२३९चंही कधी ना कधी असंच होईल असा माझा अंदाज आहे. तो दिवस आला तर खोक्यावर चिपचं नाव नसेल, बॅटरीच्या तासांचा आकडा मात्र बदललेला असेल. त्याला म्हटलं, धीर असेल तर थांब. नसेल तर घे, फक्त मागचा स्क्रू माझ्या हातानं उघडायचा.