साइटवर 'थांबा' कोण म्हणू शकतं?

नेतृत्वाच्या शैली म्हटलं की कर्ट लेविन यांचं नाव निघतंच. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९३९ साली तीन तऱ्हा मांडल्या: हुकमी, सल्लामसलतीची आणि मोकळं सोडणारी. अभ्यास होता शाळकरी मुलांच्या गटांवर. मग बांधकामाच्या साइटवर यातली कोणती चालते? आमच्या मते, कोणतीही एकच नाही. कामाची वेळ बदलली की तऱ्हा बदलावी लागते.

स्लॅब भरायचा दिवस घ्या. सिमेंटमध्ये पाणी पडलं की वेळ मोजायला सुरुवात झाली. काँक्रीटची गाडी गेटवर उभी असताना चर्चा करत बसता येत नाही. तिथं एकाचाच शब्द चालायला हवा. पण आदल्या दिवशी? सेंटरिंगचा कुठला टेकू डुगडुगतो, हे आधी मुकादमाला कळतं, केबिनमधल्या मॅनेजरला नाही. त्या दिवशी विचारायचं, ऐकायचं. नाही विचारलं, तर माहिती खालीच राहते. आणि टेकू सरकला, तर जीव मजुराचा जातो.

कोकण रेल्वे आपल्या ओळखीची. ई. श्रीधरन यांनी तिथं कचेऱ्यांत उलटी घड्याळं लावली, म्हणजे किती दिवस उरले ते दाखवणारी. मुदतीची शिस्त कडक. पण त्याच वेळी मार्गाचे ७ विभाग करून प्रत्येकावर मुख्य अभियंता नेमला, म्हणजे प्रत्येक गोष्ट वर विचारायला नको. १९९८ साली मार्ग पूर्ण झाला.

याच श्रीधरन यांच्या दिल्ली मेट्रोचा बांधकाम चालू असलेला पूल जुलै २००९ मध्ये जमरूदपूरला कोसळला, माणसं गेली. त्यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. तो स्वीकारला गेला नाही. जबाबदारी वरच्यानं घ्यायची, हे त्यातून शिकावं. पण तीही अपघातानंतरचीच. आधीचं काम रोजचं असतं: सकाळी काम सुरू होण्यापूर्वी पाच मिनिटं, कामगारांना कळेल त्या भाषेत, आज धोका कुठं आहे ते सांगायचं आणि त्यांनाही विचारायचं.

मॅनेजर पारखायचा असेल, तर आपण एवढंच विचारू: तुमच्या साइटवर शेवटचं 'थांबा' कोण म्हणालं, आणि पुढं त्याचं काय झालं? त्याची हजेरी कापली गेली असेल, तर पुढच्या वेळी टेकू हललेला दिसला तरी कुणी तोंड उघडणार नाही.