जॉइनिंग बोनस की उचल? नर्सिंगची पहिली नोकरी निवडताना

इथे बसलेल्या बऱ्याच जणी जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला आहेत. काहींना सुरत, नाशिक, पुण्याहून फोन यायला लागलेत. फोनवर पगाराच्या आधी एक शब्द येतो, जॉइनिंग बोनस. आज तेवढ्यावरच बोलू.

नंदुरबारला हा प्रकार अगदीच नवा नाही. मुकादम गावात येतो, उचल देतो आणि कुटुंब गुजरातला ऊसतोडीला जातं. उचल हातात पडते तेव्हा मदत वाटते, पण ती फिटेपर्यंत माणूस अडकलेला असतो. बोनसचं तसंच होईल असं नाही, पण होऊ शकतं. ते ठरतं कागदावर काय लिहिलंय त्यावर.

आधी हिशोब करू. समजा, एक हॉस्पिटल महिना १८ हजार देतं, वर ३६ हजार बोनस आणि दोन वर्षांचा बॉण्ड. दुसरं महिना २० हजार देतं, बोनस नाही. दोन वर्षांत पहिल्याकडे ४ लाख ६८ हजार होतात, दुसऱ्याकडे ४ लाख ८० हजार. म्हणजे बोनस घेऊनही १२ हजार कमीच. शिवाय पुढची पगारवाढ पगारावर मोजतात, बोनसवर नाही.

पगार कमी की बरा, हे कशावरून ओळखायचं? सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने शिफारस केली, की ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी हॉस्पिटलातही नर्सचा पगार २० हजारांपेक्षा कमी नसावा. ती शिफारसच आहे, सगळीकडे पाळली जात नाही. पण बोलणी करताना आधार म्हणून सांगता येते.

आता परतफेडीची अट. वरच्या उदाहरणात तुम्ही १६ महिन्यांनी नोकरी सोडली, तर उरलेल्या आठ महिन्यांचे १२ हजार परत द्यायचे की पूर्ण ३६ हजार? हे लेखी हवं. बोनस पहिल्या पगारासोबत मिळणार की सहा महिन्यांनी, आजारपणात किंवा बाळंतपणात काय, हेही विचारा.

"बॉण्डला कोर्टात किंमत नाही" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांची, दोन लाखांची अट वैध ठरवली. दुसरीकडे, करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की भरपाई वाजवीच असावी, लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त नाही. म्हणून सही करण्याआधीच वाचा.

मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, ठेवून यायची नाहीत. सुरतला जाणार असाल तर गुजरात नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागेल. तो खर्च कोण करणार, हेही ठरवून घ्या.

आणि घराजवळचा पर्याय विसरू नका. धडगाव, अक्कलकुवा अशा आदिवासी भागात नियमित सरकारी सेवेत असणाऱ्यांसाठी ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने एकस्तर वेतनश्रेणी आहे. तीसुद्धा प्रोत्साहनच, पण दरमहा मिळते. त्या भागातून बदली झाली की बंद होते. कंत्राटी पदांचे नियम वेगळे, ते जाहिरातीत पाहा.

घरी कर्ज असेल, लहान भावाची फी असेल, तर एकरकमी पैशाची गरज खरी असते. बोनस घेण्यात काही कमीपणा नाही. फक्त तो परत करायची वेळ आली तर किती द्यावे लागतील, हा आकडा सही करण्याआधी वहीत लिहून ठेवा.