तारावाचा पहिला दिवस : फूटभर कमी पडलेलं पाणी

मागच्या भागात आपण पॅसिफिकचा मोठा नकाशा पाहिला होता. आज त्यातल्या एका ठिपक्यावर थांबायचं आहे. गिल्बर्ट द्वीपसमूहात तारावा नावाचं प्रवाळबेट आहे आणि त्याच्या एका टोकाला बेटिओ. आज हा भाग किरिबाटी या देशात येतो. बेटिओची लांबी साधारण मुंबईच्या मरीन ड्राइव्हइतकी, रुंदी पाऊण किलोमीटरच्या आसपास. डोंगर नाही, टेकडी नाही, नुसती वाळू आणि माड. पण मधोमध धावपट्टी होती, आणि ती जपान्यांच्या ताब्यात होती. अमेरिकेला मार्शल बेटांकडे सरकायचं, तर ती आधी हवी होती.

तारीख २० नोव्हेंबर १९४३. हल्ल्याची मुख्य जबाबदारी दुसऱ्या मरीन रेजिमेंटवर होती. सोबत आठव्या रेजिमेंटची एक बटालियन जोडून दिलेली. कमांडर कर्नल डेव्हिड शूप, वय ३८. गंमत बघा, हा माणूस मुळात या हल्ल्याची आखणी करणारा अधिकारी. रेजिमेंटचे आधीचे कर्नल ऐनवेळी बाजूला झाले आणि कागदावर योजना लिहिणाऱ्यालाच ती पार पाडायला पाण्यात उतरावं लागलं.

आता पाण्याचं बोलू, कारण त्या दिवसाचं सगळं तिथेच अडकलं आहे. इंदूर, बडोदा, हैदराबादला राहणाऱ्यांना समुद्र रोजचा नाही, म्हणून जरा मागे जातो. अमावास्या-पौर्णिमेला भरती जोरात येते, तिला आपण उधाणाची भरती म्हणतो. अष्टमीच्या आसपास चंद्र आणि सूर्य काटकोनात ओढतात, पाणी ना नीट चढतं ना नीट उतरतं. ती भांगाची भरती. माझ्या आजोळी, कोकणात, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ तोंडी सांगणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. वीस नोव्हेंबरला चंद्र वद्य अष्टमीच्या घरात होता. म्हणजे भांग.

बेटिओभोवती प्रवाळाचा खडक आहे. किनाऱ्यापासून अर्धा किलोमीटर, काही ठिकाणी त्याहून लांब पसरलेला. सैनिक नेणाऱ्या हिगिन्स बोटींना तरंगायला साधारण चार फूट पाणी लागायचं. आखणी करणाऱ्यांचा अंदाज होता की खडकावर पाच फूट पाणी मिळेल. पण मेजर फ्रँक हॉलंड नावाचा एक गृहस्थ, ज्याने तारावावर पंधरा वर्षं काढली होती, तो सांगत होता की या दिवसांत इतकं पाणी येत नाही. त्याचं ऐकलं गेलं नाही असं सरसकट म्हणता येणार नाही. डिव्हिजनचे प्रमुख ज्युलियन स्मिथ यांनी धोका धरला होता, निम्मी शक्यता बोटी अडकण्याची आहे असं गृहीत धरून तयारी केली होती.

तयारी म्हणजे काय? ‘अ‍ॅमट्रॅक’. पाण्यात तरंगणारी आणि खडक लागला की रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चढून जाणारी गाडी. अशा गाड्या मिळाल्या १२५. एकेका गाडीत वीसेक माणसं. हल्ला लाटालाटांनी होतो, एक तुकडी गेली की मागून दुसरी. पहिल्या तीन लाटांपुरत्या गाड्या होत्या. चौथ्या लाटेपासून पुढचे सगळे हिगिन्स बोटींत. पुष्कळ पुस्तकांत तारावाचा पहिला दिवस ‘दुर्दैव’ म्हणून येतो. मला ते पटत नाही. पाणी येईल की नाही हा जुगार होता, आणि तो चौथ्या लाटेतल्या मुलांच्या जिवावर लावला होता.

सकाळी युद्धनौकांनी आणि विमानांनी बेट भाजून काढलं. सुमारे तीन हजार टन दारूगोळा. बघणाऱ्यांना वाटलं, आता आत कोण उरलं असेल? पण जपानी रिअर अ‍ॅडमिरल शिबाझाकी यांच्या माणसांनी माडाचे ओंडके, काँक्रीट आणि प्रवाळाची वाळू यांचे थर देऊन बंकर बांधले होते. वाळू स्फोट गिळते. तारा तुटल्या, तोफा उडाल्या, पण बंकरांतली बहुतेक माणसं जिवंत होती. बेटावर एकूण साडेचार हजारांवर लोक होते, त्यांत कोरियातून आणलेले मजूरही बरेच.

हल्ला दक्षिणेकडून नव्हता, उत्तरेच्या शांत खाजणातून होता. किनाऱ्याचे तीन भाग केले होते, रेड वन, टू आणि थ्री. नऊनंतर दहाच मिनिटांत पहिले अ‍ॅमट्रॅक वाळूला लागले. मागच्या हिगिन्स बोटी मात्र खडकावर येऊन खटकन थांबल्या. पाणी तीन फुटांच्या आसपास. दरवाजे उघडले आणि पाठीवर ओझं, डोक्यावर बंदूक धरून माणसं चालू लागली. अर्धा किलोमीटर, कमरेपासून छातीपर्यंतच्या पाण्यात, समोरून मशीनगन. पाण्यात धावता येत नाही, हे ज्याने एकदा करून पाहिलं त्याला सांगायला नको.

रेड टूवरच्या बटालियनचा प्रमुख, लेफ्टनंट कर्नल एमी, किनाऱ्याजवळ पाण्यातच मारला गेला. त्याच्या जागी आला वॉल्टर जॉर्डन, जो दुसऱ्या डिव्हिजनमधून केवळ निरीक्षक म्हणून आला होता! बघायला आलेला माणूस बटालियन चालवू लागला. रेड वनला तर मेजर मायकेल रायन याने विस्कटलेल्या कंपन्यांतून जो सापडेल तो गोळा केला आणि पश्चिम टोकाला एक स्वतंत्र ठाणं धरलं. वायरलेस भिजून बंद, त्यामुळे तो जिवंत आहे हेही शूपला बराच वेळ कळलं नाही.

शूप स्वतः पायाला जखम घेऊन लांब धक्क्याच्या आडोशाने आत आला. दुपारी त्याने ठाणं मांडलं ते एका जपानी बंकरला पाठ टेकवून. बंकरच्या आत जपानी सैनिक जिवंत होते. तोंडांवर पहारे बसवले आणि भिंतीच्या या बाजूला उभं राहून त्याने लढाई चालवली. (हाच शूप १९६० मध्ये मरीन कोअरचा सर्वोच्च प्रमुख झाला आणि निवृत्तीनंतर व्हिएतनाम युद्धाविरुद्ध जाहीर बोलला. त्यावर एक वेगळा भाग करायचा आहे.)

अंधार पडला तेव्हा सुमारे ५,००० माणसं किनाऱ्यावर उतरली होती आणि त्यांतली १,५०० मेली होती किंवा जखमी होती. हातात होती धक्क्याच्या बुंध्याजवळची जमिनीची एक पट्टी आणि रायनचं टोक. बाकीचे ओंडक्यांच्या तीन-चार फुटी भिंतीला चिकटून पडलेले. रात्री जपान्यांनी जोरदार उलट हल्ला केला असता तर? तो झाला नाही. शिबाझाकी त्याच दुपारी ठिकाण बदलताना नौकेच्या तोफगोळ्यांत मारले गेले, असं आता मानलं जातं. आणि त्यांच्या टेलिफोनच्या तारा सकाळीच तुटल्या होत्या.

त्या पाण्याचं उत्तर चव्वेचाळीस वर्षांनी मिळालं. १९८७ मध्ये डोनाल्ड ओल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने गणित मांडून दाखवलं की त्या दिवसांत भांग तर होताच, शिवाय चंद्र त्याच सुमारास पृथ्वीपासून सर्वात दूरही होता. दोन्ही मिळून समुद्र जवळजवळ हललाच नाही. हे दुसरं कारण १९४३ मध्ये कोणी हिशेबात धरलं नव्हतं. पहिलं हॉलंडला माहीत होतं.

आठव्या रेजिमेंटची एक राखीव बटालियन ती सबंध रात्र बोटींत डुलत हुकुमाची वाट पाहत होती. सकाळी हुकूम आला आणि तीही त्याच खडकावर उतरून चालू लागली, कालच्याइतक्याच पाण्यात. दुपारच्या सुमारास पाणी चढायला लागलं. बोटी खडकावरून सरळ आत येऊ लागल्या. तिथून पुढचं पुढच्या भागात.