बर्फातील रणगाडा आणि त्याची प्रतिकृती

कामगार संघटनेच्या कामात आयुष्य घातलेल्या माणसाने व्यासपीठावरून महागाई भत्त्याबद्दल बोलावे, अशी आपली अपेक्षा असली तर ती वावगी नाही. पण आजचा विषय निराळा आहे. वीतभर लांबीचा प्लॅस्टिकचा रणगाडा जोडावयाचा, त्याला हिवाळी पांढरा रंग द्यावयाचा आणि बर्फाच्या देखाव्यावर तो उभा करावयाचा, एवढाच तो आहे. हा पोरखेळ आहे, असे कोणी म्हणेल. परंतु यंत्राची खरी प्रतिकृती करावयाची म्हटली की त्या यंत्राजवळ राबलेल्या माणसांचा विचार करावाच लागतो. तो कसा, हेच मला सांगावयाचे आहे.

उदाहरण म्हणून सोव्हिएत रशियाचा टी-३४ हा रणगाडा घेऊ. खारकोव्हच्या कारखान्यात मिखाईल कोश्किन यांच्या नेतृत्वाखाली त्याची रचना झाली व १९४० साली उत्पादन सुरू झाले. जून १९४१ मध्ये जर्मनीने स्वारी केली, तेव्हा हा कारखाना यंत्रसामग्रीसह उचलून उरल पर्वताकडील निझ्नी तागील येथे नेण्यात आला. लेनिनग्राडच्या किरोव्ह कारखान्याचा मोठा भाग चेल्याबिन्स्कला गेला आणि १९४२ पासून तेथेही टी-३४ होऊ लागला. पुरुष आघाडीवर गेलेले, म्हणून यंत्रांपाशी मोठ्या संख्येने स्त्रिया आणि पोरसवदा मुले उभी राहिली. रणगाडा म्हटला की आपल्याला तोफ दिसते; या माणसांचे हात दिसत नाहीत.

आता मापाकडे वळू. रणगाड्यांच्या प्रतिकृतींत १:३५ हे प्रमाण सर्वत्र रूढ आहे. जपानमधील शिझुओका येथील टामिया कंपनीने १९६० नंतरच्या पहिल्या वर्षांत ते प्रचारात आणले. या प्रमाणात ३ मीटर रुंदीचा टी-३४ सुमारे साडेआठ सेंटिमीटरांचा होतो आणि पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक ५ सेंटिमीटरांचा. गुडघाभर बर्फ म्हणजे जेमतेम दीड सेंटिमीटर. हे गणित विसरले की देखाव्यात रणगाडा पार बुडून जातो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पांढऱ्या रंगाची. रणगाडा कारखान्यातून हिरवा येत असे. हिवाळा लागला की आघाडीवर त्याच्यावर खडूची किंवा चुन्याची सफेदी कुंच्याने फासली जाई. वसंतात ती धुऊन टाकावयाची असे. आपण घराला चुना देतो तसाच हा प्रकार. चुन्याच्या भिंतीला पाठ टेकली की सदऱ्यावर पांढरे उठते, हे सर्वांना ठाऊक आहे. रणगाड्यावरही तेच होई. जेथे बूट पडत, हात लागत, अंग घासे, तेथली सफेदी जाऊन खालचा हिरवा रंग उघडा पडे. ही झीज कोठे दाखवावयाची, यावरच प्रतिकृतीचा खरेखोटेपणा ठरतो.

कृती सोपी आहे. जोडणी झाल्यावर संपूर्ण रणगाडा हिरवा रंगवून पक्का वाळू द्यावा. मग ज्या ठिकाणी झीज दाखवावयाची तेवढाच पृष्ठभाग पाण्याने ओलसर करून त्यावर साधे मीठ भुरभुरावे. पाणी सुकले की सर्वत्र पांढऱ्या रंगाचा पातळ फवारा द्यावा. तो वाळल्यावर ओल्या कुंचल्याने मीठ घासून काढावे. मिठाखालचा हिरवा रंग वर येतो. रंग शुभ्र घेऊ नये, त्यात किंचित राखाडी मिसळावा. म्हणजे शेजारचे बर्फ त्याहून पांढरे दिसते.

पुष्कळ हौशी कारागीर शोभा म्हणून मीठ कोठेही टाकतात. असे करू नये. चालकाच्या पुढच्या झाकणाभोवती, बुरुजाच्या झाकणाच्या कडांवर, वर चढताना पाय पडतो त्या पत्र्यावर, दुरुस्तीसाठी उघडल्या जाणाऱ्या इंजिनाच्या झाकणांवर, आणि रणगाड्यावर बसून जाणारे पायदळाचे जवान धरत त्या दांड्यांपाशी ते टाकावे. जेथे हात पोहोचत नाही त्या सांदीत सफेदी शाबूत ठेवावी.

देखाव्यासाठी लाकडी फळीवर थर्माकोल व प्लास्टरने उंचसखल जमीन करून ती आधी मातकट रंगवावी. त्यावर आपल्याकडची बारीक पांढरी रांगोळी, पांढरा गोंद आणि थोडा पांढरा रंग यांचे मिश्रण पसरावे. काही जण खाण्याचा सोडा वापरतात, पण तो कालांतराने पिवळट पडतो. मिश्रण ओले असतानाच रणगाडा दाबून बसवावा आणि मागे त्याच्या पट्ट्यांचे ठसे उमटवावेत. चाकांच्या मध्ये बर्फ व चिखल घट्ट बसलेला दाखवावा. इंजिन मागच्या बाजूला असते व ते तापते. म्हणून चालत्या रणगाड्याच्या त्या भागावर बर्फाचा थर ठेवणे चूक आहे. धुराच्या नळ्यांभोवती काजळी हवी.

खऱ्या रणगाड्याचा आकार डोळ्यांत भरावा असे वाटत असेल, तर अहिल्यानगरचे, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरचे, रणगाडा संग्रहालय अवश्य पाहावे. तो पत्रा किती उंच आहे आणि कडाक्याच्या थंडीत त्यावर चढणे म्हणजे काय, हे तेथे उभे राहिल्यावर उमगते.

त्या युद्धात सोव्हिएत देशाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे गेली, असे मानले जाते. अशा युद्धातील यंत्र दिवाणखान्यात मांडताना ते नुसते देखणे दिसून भागत नाही. म्हणून शेवटचे एक काम सांगतो. काडीच्या टोकाने बर्फात पावलांचे ठसे उमटवा. प्रत्येक ठसा एका सेंटिमीटरहून थोडा कमी असावा. ते रणगाड्याच्या पुढून मागच्या इंजिनापर्यंत जावेत आणि तेथे बर्फ तुडवलेले असावे. कोणीतरी तेथे बराच वेळ उभे राहून, गारठलेल्या हातांनी काम केले आहे, हे पाहणाऱ्याला न सांगता कळले पाहिजे.